काळ्या जमिनीत मेंदीचे कुंपण

शाळेच्या आवाराभोवती, ग्रामपंचायतीच्या कचेरीपुढे किंवा मळ्यातील घरासमोर हिरवे शोभेचे कुंपण असावे अशी हौस रेणापूर परिसरात पुष्कळांना असते. जून-जुलैत मोठ्या उत्साहाने रोपे लावली जातात. श्रावणापर्यंत ती टवटवीत दिसतात. भाद्रपद उलटत आला की मात्र त्यांची पाने पिवळी पडून गळू लागतात, आणि होळीच्या सुमारास जागेवर केवळ वाळक्या काड्यांची रांग उरते. याचा दोष उन्हाळ्यास व पाण्याच्या टंचाईस देण्याची रीत आहे. परंतु अशी मेलेली रोपे उपटून पाहिली असता बहुधा निराळेच दिसते. मुळे काळपट झालेली असतात, बोटाने ओढताच त्यांची साल निसटते आणि मातीस कुजका वास येतो. ही रोपे तहानेने मेलेली नसतात, तर पाण्यात गुदमरून मेलेली असतात. उन्हाळा येण्यापूर्वीच त्यांचा शेवट झालेला असतो. तो लोकांच्या नजरेस उन्हाळ्यात येतो, इतकेच.

लातूर जिल्ह्यातील बरीचशी जमीन बालाघाटाच्या पठारावरील काळा पाषाण झिजून बनलेली आहे. तिच्यात चिकणमातीचे प्रमाण फार. ओली झाली की ती फुगते आणि वाळली की आकसून तिला भेगा पडतात. फुगलेल्या मातीतील बारीक पोकळ्या मिटतात व मुळांना हवा मिळेनाशी होते. वर्षास सरासरी सातशे ते आठशे मिलिमीटर पाऊस म्हणजे काही अतिवृष्टी नव्हे. पण त्यातील मोठा भाग जून ते सप्टेंबर या चारच महिन्यांत पडतो आणि भाद्रपदातील पावसाच्या वेळी जमीन आधीच पोट भरून बसलेली असते. सोयाबीन अशा वेळी पिवळे पडते हे प्रत्येक शेतकऱ्यास ठाऊक आहे. झुडपाचीही तीच गत होते. फरक एवढाच, की सोयाबीन पुढल्या वर्षी पुन्हा पेरावयाचे असते आणि कुंपण दहा-वीस वर्षांसाठी लावलेले असते.

रेणा नदीकाठची खोल काळी जमीन व वरच्या माळाची मुरमाड जमीन यांत या बाबतीत जमीनअस्मानाचे अंतर आहे. माळावर मेंदी विशेष काही न करताही येते. पुढील विवेचन मुख्यतः खोल काळ्या जमिनीसाठी आहे.

कोणती मेंदी?

‘मेंदी’ या एका नावाखाली रोपवाटिकेत तीन-चार निरनिराळी झाडे मिळतात, म्हणून खरेदीपूर्वी नावाचा खुलासा करून घ्यावा. हातापायांस लावतात ती आपली देशी मेंदी. मराठवाड्यातील उर्दू बोलणाऱ्या घरांत तिला हिना म्हणतात. ती डाळिंब, धायटी व तामण यांच्या कुळातील आहे. तिचे शास्त्रीय नाव लॉसोनिया इनर्मिस असे असून ‘इनर्मिस’ म्हणजे निःशस्त्र, काटे नसलेली. हे नाव कोवळ्या झाडास शोभते. जुन्या फांद्यांची टोके मात्र चांगली टोकदार काटेरी होतात, आणि कुंपणाच्या दृष्टीने हा गुणच आहे.

विलायती मेंदी ही सर्वस्वी निराळी. इंग्रजीत तिला मर्टल म्हणतात. ती जांभूळ, पेरू, लवंग व निलगिरी यांच्या कुळातील, भूमध्य समुद्राभोवतालच्या प्रदेशातील झुडूप आहे. तिची गर्द हिरवी, चकचकीत पाने चुरगळली असता सुवास येतो. फुले पांढरी व भरगच्च केसरांची असतात. इंग्रजी नावावरून आणखी एक घोटाळा होतो. क्रेप मर्टल या नावाने विकली जाणारी गुलाबी-जांभळ्या झालरीदार फुलांची सावनी हीदेखील खरी मर्टल नव्हे. ती देशी मेंदीच्या नात्यातली असून हिवाळ्यात तिची पाने झडतात, तेव्हा बारमाही हिरव्या कुंपणास ती निरुपयोगी होय.

रेणापूरसारख्या ठिकाणी शोभेच्या कुंपणासाठी देशी मेंदीचीच शिफारस करावी लागते. तिला उष्णता मानवते, चुनखडीची जमीन चालते आणि एकदा मुळे खोल गेली की अवर्षणाचे वर्षही ती काढते. कडक उन्हाळ्यात पाणी अजिबात न मिळाल्यास तिची काही पाने गळतात हे खरे. पण वळवाच्या पहिल्या सरीने ती पुन्हा फुटते. तिला सोसत नाही ते फक्त साचलेले पाणी.

खड्डा नव्हे, वरंबा

झाड लावावयाचे म्हणजे खड्डा खणावयाचा, त्यात मुरूम, पोयटा व शेणखत भरावयाचे, ही पद्धत आंबा-चिंचेसाठी हलक्या जमिनीत ठीक आहे. खोल काळ्या जमिनीत तीच पद्धत घातक ठरते. खड्ड्यातील भुसभुशीत भरणीत पाणी झपाट्याने शिरते, पण भोवतालच्या चिकणमातीतून ते बाहेर पडू शकत नाही. असा खड्डा म्हणजे जमिनीत पुरलेला रांजणच होय. आजूबाजूच्या आवारातील पाणीही वाहत येऊन त्यातच उतरते. खड्डा जितका खोल व भरणी जितकी चांगली, तितके रोप लवकर मरते, असा उलटा न्याय येथे लागू पडतो. मेहनत अधिक करणाऱ्याचेच नुकसान अधिक होते, ही यातील विशेष दुःखाची गोष्ट.

जमीन पाणी धरते की सोडते, याची परीक्षा सोपी आहे. दीड फूट खोलीचा लहान खड्डा घेऊन तो पाण्याने काठोकाठ भरावा. पाणी जिरल्यावर लगेच दुसऱ्यांदा भरावा व दुसरे दिवशी पाहावे. चोवीस तासांनंतरही तळाशी पाणी उरले असेल तर त्या जागी सपाटीवर झुडूप लावू नये. पहिल्या भरणीवरून मात्र निष्कर्ष काढू नये. विशेषतः मे महिन्यात. त्या वेळी जमिनीला भेगा असतात आणि दोन घागरी पाणी क्षणात नाहीसे होते. ‘आमची जमीन पाणी झटकन पिते’ असा गैरसमज त्यामुळेच होतो. पावसाळ्यात त्याच भेगा मिटून जातात.

यावर उपाय म्हणजे खाली न खणता वर चढवणे. कुंपणाच्या ओळीवर कुदळीने वीतभर जमीन नुसती सैल करून घ्यावी आणि तिच्यावर तळाशी अडीच फूट, माथ्यावर दीड फूट रुंद व एक फूट उंच असा वरंबा घालावा. दोन घमेली स्थानिक माती, एक घमेले बारीक मुरूम व एक घमेले चांगले कुजलेले शेणखत असे मिश्रण करावे. साठ फूट लांबीच्या वरंब्यास एकूण १२० घनफूट, म्हणजे एक ब्रासाहून थोडा अधिक माल लागतो. त्यापैकी मुरूम व शेणखत प्रत्येकी ३० घनफूट पुरे. मुरूम न मिळाल्यास अडून बसू नये, कारण येथे उंचीला महत्त्व आहे. नदीची वाळू मिसळण्याचा मोह टाळावा. चिकणमातीत थोडीशी वाळू पडली तर ती सुटी होण्याऐवजी कठीण बनते.

वरंब्यासाठी लागणारी माती दूरून आणण्याचे कारण नाही. ज्या बाजूने आवारातील पाणी येते त्या बाजूस वरंब्यापासून फूटभर अंतर सोडून वीतभर खोल चर काढावा. तीच माती वापरावी. चराचे तोंड उताराकडे मोकळे असले पाहिजे. तोंड बंद असलेला चर हा आणखी एक रांजणच. वरंबा एप्रिल-मेमध्ये घालून ठेवल्यास वळवाच्या पावसाने तो बसतो व खचलेला भाग लावणीपूर्वी भरून काढता येतो.

घराच्या किंवा शाळेच्या भिंतीला लागून कुंपण घेऊ नये. काळ्या जमिनीतील ओलावा झुडपाची मुळे शोषून घेतात, त्यामुळे पायाजवळची माती अधिक आकसते व भिंतीस तडे जाण्याची भीती असते. निदान पाच फूट अंतर राखावे.

रोपे व लावणी

कुंपणासाठी रोपे विकत घेण्याची आवश्यकता बहुधा पडत नाही. गावात कोठेतरी मेंदीचे जुने झुडूप असतेच. त्याच्या मागील वर्षीच्या, शिसपेन्सिलीएवढ्या जाडीच्या पक्व फांद्या घ्याव्यात. आठ-नऊ इंचांचे तुकडे करावेत, खालचा काप डोळ्याच्या लगत खाली घ्यावा, पाने काढून टाकावीत आणि तुकड्याचा दोनतृतीयांश भाग मातीत जाईल असे पिशवीत खोचावेत. पिशवीस तळाशी व कडेला भोके पाडलेली असावीत. फेब्रुवारीत हे काम सुरू केले व पिशव्या झाडाच्या सावलीत ठेवून माती केवळ ओलसर राखली, तर पावसाळ्याच्या तोंडावर मुळे धरलेली रोपे हाती येतात. सर्वच फाटे जगत नाहीत. साठ रोपे हवी असतील तर शंभर फाटे लावावेत.

बियांपासूनही रोपे होतात, परंतु बी अतिशय बारीक व कठीण कवचाचे असल्याने दहा-पंधरा दिवस रोज पाणी बदलून भिजत ठेवावे लागते आणि रोपे लहानमोठी निघतात. राजस्थानात पाली जिल्ह्यातील सोजत येथे मेंदीची शेती मोठ्या प्रमाणावर होते. तेथील हलकी जमीन व येथल्या मानाने जवळजवळ निम्मा पाऊस पानांतील रंगास पोषक आहे. सोजतची कीर्ती ऐकून काळ्या रानात पानांसाठी मेंदीचे पीक घेण्याची कल्पना कोणी मांडल्यास कार्यकर्त्यांनी तिला उत्तेजन देऊ नये. येथे मेंदी कुंपणापुरती व घरच्या वापरापुरतीच ठीक.

जूनमध्ये चांगला पाऊस होऊन वरंबा आतपर्यंत ओलावला की रोपे एक फूट अंतरावर लावावीत. वाट अडविण्याचा हेतू असेल तर नागमोडी दोन ओळी घ्याव्यात. शोभेसाठी एक ओळ पुरते. लावल्याबरोबर शेंडा जमिनीपासून सहा इंचांवर छाटावा. नुकते लावलेले रोप छाटण्यास बहुतेकांचा हात धजत नाही; पण त्याच वेळी छाटले नाही तर झुडूप खाली सुटसुटीत व वर दाट असे वाढते आणि बुंध्यातून कोंबड्या व शेळ्या खुशाल ये-जा करतात. शेळ्यांपासून पहिली दोन वर्षे राखण करावीच लागते. त्यासाठी बाहेरून बाभळीच्या फांद्यांची वई घालावी.

पाण्याचा हिशेब

शोभेच्या झाडास पाणी घालावे की नाही, हा प्रश्न लातूर जिल्ह्यात हसण्यावारी नेण्यासारखा नाही. २०१६ च्या एप्रिल महिन्यात मांजरा धरण कोरडे पडले असता लातूर शहरासाठी मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. १२ एप्रिल रोजी आलेल्या पहिल्या गाडीच्या दहा वाघिणींत सुमारे पाच लाख लिटर पाणी होते. ज्यांनी ते दिवस पाहिले त्यांना कुंपणाच्या पाण्याचा हिशेब आधी सांगावा आणि मगच लावणीची गोष्ट काढावी.

साठ फुटांच्या एका ओळीत साठ रोपे बसतात. पहिल्या उन्हाळ्यात दर आठवड्यास प्रत्येक रोपास दोन लिटर पाणी पुरते, म्हणजे एका पाळीस १२० लिटर, वीस लिटरच्या सहा घागरी. फेब्रुवारी ते मे यांत सुमारे पंधरा पाळ्या होतात. एकूण १,८०० लिटर. दोन ओळी घेतल्यास हे प्रमाण दुप्पट होते. शाळेत हातपाय धुण्याचे, घरी न्हाणीचे पाणी चराकडे न वळवता घागरीने बुंध्याशी घातल्यास वेगळ्या पाण्याची गरज भासत नाही. साबणाचा फेस मात्र त्यात अधिक नसावा. दुसऱ्या उन्हाळ्यात पंधरा दिवसांनी एक पाळी द्यावी व तिसऱ्या वर्षापासून पाणी तोडावे. ज्या गावात उन्हाळ्यात टँकर येतो आणि सांडपाण्याचीही सोय नाही, तेथे लावणी एका वर्षाने पुढे ढकलणे शहाणपणाचे.

पाण्यापेक्षाही आच्छादनाचा लाभ मोठा आहे. पावसाळा संपताच वरंब्यावर सोयाबीनचे भुसकट किंवा तुरीचा पाला चार बोटे जाड पसरावा. त्याने ओल टिकते आणि मुख्य म्हणजे माती भेगाळत नाही. भेग पडताना बारीक मुळे तुटतात, हे नुकसान कोणाच्या लक्षात येत नाही. वाळवी असल्यास भुसकट बुंध्यापासून वीतभर दूर ठेवावे.

छाटणी

नवी फूट वीतभर झाली की तिचा अर्धा भाग कातरावा, असे पहिली दोन वर्षे करावे. पुढे आषाढात एक व नवरात्रानंतर एक अशा दोन छाटण्या पुरतात. कुंपण खाली रुंद व वर निमुळते राखावे. वरचा भाग पसरला की खालच्या फांद्यांस ऊन मिळत नाही व त्या उघड्या पडतात. उंची साडेतीन-चार फुटांहून वाढू देऊ नये.

नागपंचमीच्या आधी गावातील मुली मेंदीचा पाला ओरबाडून नेतात म्हणून कुरकुर ऐकू येते. ती अनाठायी आहे. त्या सुमारास छाटणी करावयाचीच असते. मुलींना कातरीने शेंडे कापून नेण्यास सांगितले म्हणजे दोन्ही कामे होतात. फक्त पहिल्या वर्षाच्या रोपांना हात लावू देऊ नये. नेहमी कातरलेल्या कुंपणास फुले येत नाहीत. कोपऱ्यावरचे एखादे झुडूप छाटल्याविना राखले तर त्याच्या बारीक पांढुरक्या फुलांचा वास संध्याकाळी अंगणभर पसरतो आणि मधमाशांनाही खाद्य मिळते.

पानांवर कधी कधी अळ्या दिसतात. त्या वेचून काढणे एवढेच पुरेसे असते. मूळकुजेस मात्र औषध नाही. एखादे रोप पावसाळ्यात मरगळले तर त्यावर फवारणी करण्यापेक्षा चराचे तोंड बुजले आहे काय, हे आधी पाहावे.

विलायती मेंदी लावावयाची झाल्यास

हौशी बागाईतदारास विलायती मेंदी लावावयाची झाल्यास ती कुंडीत लावावी. तिच्या मायदेशी पाऊस हिवाळ्यात पडतो व उन्हाळा कोरडा असतो; आपल्याकडे क्रम उलटा. उष्णता तिला जाचत नाही, पावसाळ्यातील ओली मुळे जाचतात. स्पेनमधील ग्रेनाडा येथील अलहंब्रा राजवाड्यात, चौदाव्या शतकात बांधलेल्या एका चौकात, हौदाच्या दोन्ही बाजूंस तिची कातरलेली कुंपणे आहेत व त्या चौकास तिचेच नाव आहे. ते चित्र पाहून रेणापुरात साठ फूट कुंपण करू जाणे म्हणजे पैसा व मेहनत दोन्ही पाण्यात घालणे. चौदा इंची कुंडीत माती, मुरूम व पालापाचोळ्याचे खत समभाग भरून ऑक्टोबरात रोप लावावे. कुंडी विटांवर ठेवावी म्हणजे तळाचे भोक बुजत नाही. दुपारच्या उन्हात थोडी सावली द्यावी आणि पावसाळ्यात ती ओसरीच्या कडेला, पागोळ्यांपासून दूर, परंतु उजेड मिळेल अशी हलवावी. अर्धवट पिकलेल्या फांदीच्या चार इंची तुकड्यांपासून तिची रोपे होतात.

कुंतीविषयी एक इशारा

अलीकडे शोभेच्या कुंपणासाठी कुंतीची, म्हणजे कामिनीची, रोपे सर्रास विकली जातात. झाड देखणे आहे यात वाद नाही. ते बारमाही गर्द हिरवे असते, त्याच्या पांढऱ्या फुलांचा सुगंध मोहक असतो आणि कातर त्याला छान सोसते. केवळ सौंदर्य पाहिले तर ते मेंदीच्या वरचढ ठरेल. पण कुंती ही लिंबू-मोसंबीच्याच कुळातील असून मोसंबी, संत्रा व लिंबू यांवरील सायला किडीचे ते आवडते खाद्य आहे. ही कीड ग्रीनिंग रोगाचे जंतू एका झाडावरून दुसऱ्यावर नेते. रोग जडलेले झाड बरे होत नाही. पाने डागाळून पिवळी पडतात, फळे लहान व वेडीवाकडी राहतात आणि झाड हळूहळू वठते. कुंती कातरली की तिला सतत कोवळी फूट येते व किडीस बारमाही अन्न मिळते. अमेरिकेतील फ्लोरिडा राज्यात ही कीड १९९८ साली व रोग २००५ साली आढळला. तेथे किडीच्या फैलावास कुंतीच्या शोभेच्या रोपांची विक्री मोठ्या प्रमाणात कारणीभूत झाली आणि लिंबूवर्गीय बागांची फार मोठी हानी झाली.

म्हणून ज्याच्या शेतात किंवा शेजारच्या मळ्यात मोसंबी, संत्रा वा लिंबाची बाग आहे, त्याने कुंती लावू नये. रस्त्याकाठची रोपे स्वस्त मिळाली तरी घेऊ नयेत, कारण कीड रोपाबरोबरच घरी येते. कढीपत्त्यावरही ही कीड वाढते, तेव्हा त्याच्या कोवळ्या शेंड्यांकडेही अधूनमधून पाहत जावे. कीड तपकिरी, तिळाएवढी असून बसताना मागील अंग वर उचलून बसते. पिले चपटी, पिवळसर असतात व त्यांच्या अंगातून पांढरे मेणासारखे धागे निघतात. बागेजवळ कुंतीचे कुंपण आधीच असेल तर एका हंगामात ते काढून टाकणे सर्वांत चांगले. तोपर्यंत शेंड्यांवर कीड दिसताच ते शेंडे कापून तेथेच पुरावेत. गाडीत भरून बागेच्या कडेने नेऊ नयेत. कुंती मे महिन्यात मुळासकट काढावी, त्याच ओळीवर वरंबा घालावा आणि फेब्रुवारीत पिशव्यांत धरलेली मेंदीची रोपे जूनमध्ये तेथे लावावीत.